डेक सुटतो तो भिंतीपाशी

अमेरिकेत बंगल्याच्या मागच्या दाराबाहेर लाकडी डेक असतो. मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचा सकाळचा चहा बहुधा तिथेच होतो. हा डेक एका बाजूने खांबांवर उभा असतो, तर दुसऱ्या बाजूने घराला जोडलेल्या आडव्या फळीवर टेकतो. डेक कोसळतो तेव्हा अनेकदा खांब शाबूत असतात. सुटते ती ही फळी.

दोष ती फळी घराला धरून ठेवणाऱ्या खिळ्यांचा. खिळा आडवा भार बऱ्यापैकी पेलतो, पण ठोकला त्याच रेषेत बाहेर ओढला तर निघून येतो. फोटोसाठी सगळे कठड्याशी जमून डोलू लागले, की नेमकी तीच ओढ बसते. म्हणून तिथे अर्धा इंची बोल्ट हवेत, तेही घराच्या सांगाड्यातल्या तुळईत. दर्शनी विटांत नव्हे.

दुसरा शत्रू पाणी. बर्कलीत २०१५ साली बाल्कनी कोसळून ६ जण गेले, तिच्या तुळया आतून कुजल्या होत्या. फळीमागे पाणी मुरू नये म्हणून वर पत्र्याची पट्टी बसवतात. पत्रा अॅल्युमिनियमचा मात्र नको: लाकूड कुजू नये म्हणून होणारी आर्सेनिकयुक्त प्रक्रिया घरगुती लाकडासाठी २००४पासून थांबली, आणि तिच्या जागी आलेली तांबेयुक्त रसायनं अॅल्युमिनियम खातात. साध्या लोखंडालाही सोडत नाहीत, त्यामुळे बोल्ट जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.