‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं होतं का?

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण सर्रास लिहितो: ‘अमुक परिणाम आढळला नाही.’ हे वाक्य किती महागात पडू शकतं, ते एका विमान अपघातातून बघू.

२४ जून १९७५. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वादळी पावसात उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ६६, एक बोइंग ७२७, धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. शंभराहून जास्त माणसं गेली. गंमत नाही, पण कोडं असं की त्याच धावपट्टीवर काही मिनिटं आधी इतर विमानं सुखरूप उतरली होती. एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने वाऱ्याबद्दल सावध केलं होतं, तर एका विमानाने उतरणं रद्द केलं होतं. मग वारा धोक्याचा होता की नव्हता?

शिकागो विद्यापीठातले टेत्सुया फुजिता यांनी याचा अभ्यास केला. १९४५ मध्ये नागासाकीत आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या वादळांनंतर त्यांनी एका बिंदूपासून चहूकडे आडवी पडलेली झाडं पाहिली होती. त्यावरून त्यांनी मांडलं की ढगातून हवेचा जोरदार झोत खाली येतो आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरतो. त्याच्या छोट्या प्रकाराला त्यांनी नाव दिलं मायक्रोबर्स्ट: रुंदी ४ किलोमीटरपेक्षा कमी, आयुष्य काही मिनिटांचं.

उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो. वेग वाढलेला दिसतो, म्हणून वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो. मग झोत विमानाला खाली दाबतो आणि लगेच वारा पाठीमागून येतो. समजा आधी समोरून २० नॉट होता आणि नंतर पाठून २०, तर हवेच्या तुलनेत विमानाचा वेग बघता बघता ४० नॉटने घटतो. जमीन जवळ असते, सावरायला उंचीच उरत नाही.

अनेक तज्ज्ञांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, ही जुनीच गोष्ट, फक्त नाव नवं. नोंदींमध्येही असं काही ठळक दिसत नव्हतं. दिसणार कसं? हवामान केंद्रं एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांब. मोठ्या भोकांच्या जाळ्यात बारीक मासा कसा सापडणार?

फुजिता वाद घालत बसले नाहीत, त्यांनी जाळं बदललं. १९७८ मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडार आणि जवळजवळ ठेवलेली वारामापक यंत्रं लावली. मायक्रोबर्स्ट सापडले. १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ पुन्हा सापडले. तरी १९८५ मध्ये डॅलस–फोर्ट वर्थला डेल्टा १९१ याच कारणाने पडलं. पुढे विमानतळांवर खास रडार आणि विमानांत इशारा यंत्रणा आल्या.

म्हणून ‘आढळलं नाही’ लिहिण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: मी शोधतोय ती गोष्ट किती मोठी आहे? किती वेळ टिकते? आणि मी किती अंतरावर, किती वेळाने मोजतोय? तिसरं उत्तर पहिल्या दोनांपेक्षा मोठं निघालं, तर तुमच्या डेटाने ‘नाही’ म्हटलेलंच नाही. त्याने अजून बघितलेलंच नाही.