दस्तरखानावर जग, हिशेब मात्र घरचा

1342 मध्ये दिल्लीहून निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना आपल्या नंदुरबारला थांबला होता. इथले लोक कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत आणि त्यांच्या जेवणात भात, भाजी व तिळाचे तेल असते, असे त्याच्या प्रवासवर्णनात नोंदलेले आहे.

त्या जेवणात मिरची नाही, आणि असणे शक्यही नव्हते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारतात आली. आज मात्र नंदुरबार म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी मिरचीच आठवते.

म्हणजे जग आपल्या दारात आज पहिल्यांदा आलेले नाही. बुऱ्हाणपूर-सुरत हा जुना व्यापारी रस्ता नंदुरबार, नवापूरवरून जात असे. मुघल काळात हजचे यात्रेकरू सुरतेच्या बंदरातूनच जहाजात बसत. सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक केले आहे. इस्लामने व्यापाराला कधी कमी लेखले नाही, प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला होता. मग आज तक्रार कशाची?

तक्रार मापाची आहे. बैलांच्या तांड्यांवरून माल येई, तेव्हा तो थोडा असे आणि जपून वापरला जाई. आज रमजानच्या संध्याकाळी बाजारात फेरी मारा. इराण, इराक, सौदी अरेबियाच्या खजुरांची खोकी, शेजारी रंगीत सरबतांच्या बाटल्या आणि फेकून द्यायच्या ताट-वाट्या. खजूर आणण्यात चूक काहीच नाही. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत आहे. पण ती सुन्नत दोन-तीन खजुरांची आणि पाण्याच्या घोटाची आहे, बारा पदार्थांची नाही. एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. तरीही इफ्तार पार्टी असो, लग्नाची पंगत असो की भंडारा, मागे काय उरते ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

याची किंमत कोण मोजतो? शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारींवर जाऊन बघा. ओली लाल मिरची उघड्यावर पसरून उन्हात वाळवतात. मजूर बाया दिवसभर देठ खुडतात. हातांची आग होते, ठसक्याने जीव कासावीस होतो. अवकाळी पाऊस आला की माल भिजतो, व्यापाऱ्याचे नुकसान होते आणि बायांची मजुरी बुडते. जगभरच्या कारखान्यांच्या, वाहनांच्या धुराने हवामान बिघडते आहे. त्या धुरात पथारीवरच्या बाईचा वाटा नगण्य, पण फटका तिला आधी बसतो.

नवापूरने तर वेगळाच धडा घेतला. 1996 मध्ये चीनमध्ये आढळलेला बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू भारतात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जग जवळ आले की दूरचे संकटही जवळचे होते.

2011 च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यात सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. अक्कलकुवा, धडगावकडची कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांच्या मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वाचतो आणि त्याच दिवशी आपल्या घरचे उरलेले अन्न कचऱ्यात जाते.

कुरआनने खाण्यापिण्याची मुभा दिली आहे, उधळपट्टीची नाही. या उधळपट्टीला 'इस्राफ' म्हणतात. एका हदीसनुसार, वाहत्या नदीच्या काठी वजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, असे प्रेषितांनी हजरत साद (रजि.) यांना सांगितले होते. आपण तापीकाठची माणसे. पाण्याचे मोल आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आता एक विनंती, आधी माझ्या मुस्लिम बंधू-भगिनींना. ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचा फितरा गहू, जव, खजूर किंवा मनुका यांच्या मापाने ठरतो. हनफी मतानुसार गव्हाचे माप खजुराच्या निम्मे आहे आणि गहू स्वस्तही पडतो. म्हणून बहुतेक घरांत माणशी गव्हाच्या हिशेबानेच फितरा निघतो. ज्याची ऐपत बेताची आहे, त्याच्यासाठी ते योग्यच. पण ज्यांच्या दस्तरखानावर महागडी परदेशी खजूर आहे, त्यांनी फितराही खजुराच्या हिशेबाने द्यायला काय हरकत आहे?

इतर वाचकांनाही हा हिशेब परका वाटू नये. दिवाळी असो, नाताळ असो की ईद, सणाला आपल्या घरात ज्या भावाची वस्तू येते, त्याच भावाची शेजारच्या गरिबाच्या घरीही जावी. एवढे माप सांभाळले, तर दूरदेशीचा घास आपल्यालाही गोड लागेल आणि पथारीवरून थकून परतणाऱ्या बाईच्या मुलालाही.