हातांच्या गाठी : काम सोडू नये, रीत बदलावी

साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या बोटांच्या टोकांजवळील पेरांवर कठीण गाठी दिसू लागतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने त्यांचे वर्णन केले व त्या गाउटच्या नव्हेत असे नोंदवले. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये प्रसिद्ध झाले. आजही या गाठी त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

हा झिजेचा संधिवात होय. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि कडेने नवे हाड वाढते. अंगठ्याच्या मुळाशीही अशीच झीज होते. वाढते वय, आनुवंशिकता आणि जुनी दुखापत यांचा त्यात वाटा असतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांत याचे प्रमाण वाढते.

सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. तो तासाहून अधिक टिकत असेल, मनगटे व बोटांची मुळे दोन्ही हातांवर सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी आणि तपासणी लांबवू नये. त्याचे उपचार वेगळे असतात. एखादा सांधा अचानक लाल व गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या कोल्हापुरात भाकरी थापणारी आजी काय किंवा चामड्याच्या वादीने चप्पल शिवणारा कारागीर काय, दोघांचाही मान त्यांच्या हातांत असतो. ‘आता राहू द्या’ असे म्हणून घरचे मायेने काम काढून घेतात. परंतु न वापरलेला हात अधिक आखडतो आणि माणूसही खचतो.

म्हणून रीत बदलावी. परात व कुकर दोन्ही तळहातांवर पेलून उचलावेत. चिमटीत धरण्याने अंगठ्याच्या मुळावर कित्येक पट भार येतो; सुरीची मूठ सुती कापड गुंडाळून जाड करावी. पीठ गरम पाण्यात मळावे, भाकरी लहान थापावी, मध्ये विसावा घ्यावा. बोटातील अंगठी सांधा वाढण्यापूर्वीच काढून ठेवावी.

सकाळी पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात हात ठेवून मूठ सावकाश मिटावी, उघडावी. अंगठ्याचे टोक प्रत्येक बोटाला लावावे. मधुमेहामुळे हात बधिर असल्यास पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावे. अंगठ्याला आधारपट्टा उपयोगी पडतो.

वेदनेसाठी प्रथम डायक्लोफिनॅकचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या उतारवयात मूत्रपिंड, जठर व रक्तदाब यांना घातक ठरू शकतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. आंबट किंवा डाळ सोडल्याने झीज भरून येत नाही.

गाठी जाणार नाहीत. मात्र सुरुवातीचे दुखणे पुष्कळांना काही काळाने कमी होते. तोवर घरच्यांनी जड बरणीचे झाकण उघडून द्यावे, आणि परात मात्र आजींसमोरच राहू द्यावी.