वाट नवी, पाय जुने

साठी उलटल्यावर डोंगरात जाणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक, ‘अजून जमतं’ हे जगाला दाखवायला जाणारे आणि दुसरे, संध्याकाळच्या चहाला घरी परतणारे. आमचा पाच जणांचा कंपू दुसऱ्या प्रकारातला. बँक, शाळा, टपाल खाते, कारखाना अशा ठिकाणांहून निवृत्त झालेली मंडळी. त्यात एक वहिनी. आमच्या वीस-बावीस ज्येष्ठांच्या गटाला नव्या डोंगरावर न्यायचे ठरले, की आधी आम्ही पाच जण वाट पाहून येतो.

या हिवाळ्यात विसापूर ठरला. शेजारचा लोहगड आमच्या पायाखालचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. सुटीच्या दिवशी तिथे जत्रा असते. विसापूर त्याहून उंच आणि माथ्याने विस्तीर्ण. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि पाडापाडी केली. त्यामुळे लोहगडासारखी बांधीव, सरळ वाट इथे नाही. पाहणीची गरज होती ती म्हणूनच.

पुण्याहून लोकलने मळवली. एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे गाव. भाजे लेण्यांच्या बाजूनेही एक वाट वर जाते. पण ती झाडीत हरवते, म्हणून सोडली. लोहगडाच्या रस्त्याने रमतगमत गायमुख खिंडीत पोहोचलो. इथे उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर.

वाट पाहणे म्हणजे नुसता माथा गाठणे नव्हे. वहिनींच्या वहीत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिली जाते, तीही आमच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याची. सावली कुठे, बसायला दगड कुठे, पाणी कुठे, मोबाइलला रेंज कुठे याची नोंद होते. वाळलेल्या गवताखालच्या घसाऱ्यावर तर खास खूण. चढताना दम लागतो, तो थांबले की जातो. उतरताना कुरकुरणारे गुडघे मात्र आठवडाभर बोलत राहतात.

डावीकडे वळून झाडीतून थोडे चालल्यावर कोरडा ओढा लागला. पावसाळ्यात इथून पाणी कोसळते. हिवाळ्यात मोठमोठे धोंडे आणि त्यांच्या वर जुन्या पायऱ्या. आमचे मास्तर तिथे थांबले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांची परवानगी होती, गोळ्याही वेळेवर घेतल्या होत्या. धोंड्यांकडे पाहत ते म्हणाले, “मी इथपर्यंतच. तुम्ही जाऊन या.”

“अहो मास्तर, दहाच मिनिटांचा चढ आहे!” आमचे टपालखात्यातले मित्र म्हणाले.

“डोंगरातली दहा मिनिटं मी चाळीस वर्षं ऐकतोय,” मास्तर हसले. पण हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नव्हते. आम्हा सगळ्यांना डोंगराचे वेड लावणारा हा माणूस. मग कोणी आग्रह केला नाही. एकट्याला मागे ठेवायचे नाही हा आमचा नियम. वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. आम्ही तिघे वर जाऊन तटबंदी, पाण्याची टाकी, दगडी जाते पाहून ठरल्या वेळी खाली आलो.

तोवर मास्तरांनी वहिनींच्या वहीत सबंध बेत मांडून ठेवला होता. सगळ्यांनी खिंडीपर्यंत एकत्र यायचे. ज्यांना धोंडे नकोत त्यांनी उजवीकडे वळून लोहगडाच्या पायऱ्या जमतील तितक्या चढायच्या. बाकीच्यांनी विसापूर. दुपारी सर्वांनी लोहगडवाडीत पिठलं-भाकरीला जमायचे. लोहगडाच्या तुकडीपुढे म्होरक्या म्हणून त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते.

तरुणपणी नवी वाट शोधताना पुढे कुठून जाता येईल तेवढेच पाहायचे असते. आमच्या वयात मागे कुठून फिरता येईल, तेही शोधून ठेवावे लागते. फिरण्याची जागा आधीच ठरलेली असली, की तिथे थांबणाऱ्याला ओशाळे वाटत नाही आणि पुढे जाणाऱ्याला घाई करावीशी वाटत नाही. तेव्हा मंडळी, या हिवाळ्यात जरूर निघा. डॉक्टरांना विचारा, गोळ्या, पाणी, गूळ-शेंगदाणे बरोबर घ्या. आणि बरोबरचा कोणी ‘मी इथेच थांबतो’ म्हणाला, तर त्याला ‘थोडंच राहिलंय’ असं मात्र सांगू नका.