सवयींची जडणघडण आणि परिवर्तन : मशेरीच्या सवयीच्या संदर्भात

प्रस्तावना :
मनुष्याच्या दैनंदिन व्यवहाराचा मोठा भाग सवयींनी व्यापलेला असतो. तोंड धुणे, चहा घेणे, दाराला कडी लावणे या कृती करताना प्रत्येक वेळी विचारपूर्वक निर्णय घेतला जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहून तिच्यामुळे श्रम व अवधान यांची बचत होते, असे प्रतिपादन केले. तथापि, हीच यंत्रणा हानिकारक कृतीलाही तितकेच दृढ करते. अशी सवय सुटली नाही की त्या व्यक्तीच्या निर्धाराला दोष दिला जातो. वस्तुतः सवय ही निर्धारापेक्षा परिस्थितीशी अधिक बांधलेली असते. प्रस्तुत लेखात हा मुद्दा महाराष्ट्रातील मशेरीच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे.

सवय घडण्याची प्रक्रिया :
सवयीचे तीन घटक मानले जातात : संकेत, कृती आणि फलप्राप्ती. ठरावीक वेळ, स्थळ किंवा आधीची एखादी क्रिया हा संकेत होय. त्यानंतर कृती घडते आणि तिच्यापासून समाधान लाभते. समाधान देणाऱ्या कृतीची पुनरावृत्ती होण्याचा संभव वाढतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मांजरांवरील प्रयोगांतून (१८९८) पुढे आले. पुनरावृत्तीबरोबर कृतीवरील नियंत्रण हळूहळू मेंदूच्या खोल भागातील ‘बेसल गँग्लिया’ या चेतापेशींच्या समूहाकडे सरकते. मग संकेत मिळताच कृती जवळजवळ आपोआप सुरू होते.

सवय २१ दिवसांत लागते, असा समज सर्वत्र आढळतो. त्याचे मूळ प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यास रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तो सवयींविषयीचा प्रयोग नव्हता. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडन येथे ९६ व्यक्तींचा अभ्यास केला (२०१०). त्यात नवी कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवस आढळला आणि व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत असल्याचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने प्रक्रियेत फारसा खंड पडत नाही, हेही याच अभ्यासात दिसून आले.

मशेरी : एक उदाहरण :
तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड केली जाते. ही मशेरी अथवा मिश्री दातांना व हिरड्यांना लावतात. ग्रामीण भागात तसेच शहरांतील वस्त्यांमध्ये स्त्रियांत तिचा वापर आढळतो. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून ती सुरू होते. त्यामुळे तिचा संकेत दररोज सकाळी हमखास उपस्थित असतो. पुढे चहानंतर, जेवणानंतर, कामाच्या विसाव्यात असे संकेत वाढत जातात. निकोटिनमुळे मिळणारी तरतरी ही फलप्राप्ती ठरते व शारीरिक अवलंबित्वही निर्माण होते.

तिचे परिणाम गंभीर आहेत. धूरविरहित तंबाखू मुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात (गुप्ता व श्रीविद्या, २००४) गरोदरपणी अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत अशी बंदी पोहोचत नाही. तेथे बदल घरातच व्हावा लागतो.

सवय बदलण्याचे मार्ग :
१) संकेत ओळखणे : मशेरी केव्हा, कोठे व कशानंतर लावली जाते, याची काही दिवस नोंद ठेवावी.
२) पर्यायी कृती : सकाळचा संकेत टाळता येत नाही, मात्र त्याच वेळी तंबाखूविरहित दंतमंजन किंवा ब्रश वापरता येतो. चहानंतर बडीशेप चघळता येते.
३) पूर्वयोजना : जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी (१९९९) ‘अमुक घडले तर अमुक करीन’ अशा निश्चित योजनेचे महत्त्व दाखविले. ‘मशेरी सोडीन’ या संकल्पापेक्षा ‘जेवण झाले की चूळ भरून बडीशेप खाईन’ ही योजना अधिक उपयुक्त ठरते.
४) परिस्थितीत बदल : मशेरीची डबी मोरीजवळून हलवावी, घरात तंबाखू भाजणे बंद करावे. यासाठी कुटुंबातील सर्वांचे सहकार्य आवश्यक असते.
५) वैद्यकीय साहाय्य : तंबाखू सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता जाणवते. हा त्रास पहिल्या काही दिवसांत तीव्र असतो व काही आठवड्यांत ओसरतो. या काळात डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; गरोदर स्त्रियांनी तो अवश्य घ्यावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेद्वारेही समुपदेशन मिळते.

समारोप :
शरीराची मागणी ओसरल्यानंतरही जुना संकेत इच्छा जागी करू शकतो. म्हणून महिनाभरानंतर पुन्हा मशेरीकडे हात वळला, तर तो निर्धाराचा पराभव समजून प्रयत्न सोडणे योग्य नाही. कोणत्या संकेताची व्यवस्था राहून गेली, हे पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. आरोग्यशिक्षणातही केवळ दुष्परिणामांची भीती दाखविण्याऐवजी स्त्रियांच्या दिनक्रमातील हे संकेत लक्षात घेऊन मार्गदर्शन झाल्यास ते अधिक परिणामकारक ठरेल.