मंठ्यात टचलेस वॉशिंग सेंटर टाकताय? आधी बोअरचं पाणी तपासा

टचलेस मशीनला ब्रश नसतो. आधी फोम, मग साधारण 70 ते 100 बार दाबाचं पाणी, त्यामुळे रंगावर ओरखडे पडत नाहीत. मला हे तंत्र मनापासून आवडतं. पण आपल्याकडची काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते. म्हणून डेमो पावसाळ्यातच बघा, तोही शेतातून आलेल्या जीपवर. शोरूममधली धूळ कुठलंही मशीन काढतं.

खरी गोम पाण्यात आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असले की फोम नीट होत नाही, नोझल चोंदतात आणि काळ्या गाडीवर पांढरे डाग उमटतात. आधी पाणी तपासून घ्या. जड निघालं तर सॉफ्टनर लावा आणि शेवटच्या धुण्याला आरओचं पाणी वापरा.

ब्रश नसल्यामुळे या मशीनला पाणी जास्त लागतं. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो आपलाच मराठवाडा. त्यामुळे गाळ बसवायचे हौद, तेल वेगळं करायची टाकी आणि पाणी परत वापरायची सोय पहिल्याच दिवशी बांधा.

थ्री फेज लाइट आणि जवळपास मिळणारा मेकॅनिक, हेही बघा. ट्रॅक्टरसाठी मात्र साधा प्रेशर पंपच ठेवा.