पडलेल्या दातातला जीव

दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकायचा किंवा तुळशीपाशी पुरायचा, ही आपल्याकडची रीत. अक्कलदाढेला तेवढाही मान नाही. दंत रुग्णालयांत ती काढणे हे नेहमीचेच काम आणि काढलेली दाढ जाते कचऱ्यात.

२००० साली अमेरिकेत स्टॅन ग्रोन्थोस आणि साँगताओ शी यांना अशाच काढलेल्या अक्कलदाढांच्या आतल्या मऊ गरात, म्हणजे दंतमज्जेत, मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी घडू शकतात अशा पेशी, सापडल्या. पुढे शी यांच्या लेकीचा दुधाचा दात पडला, तेव्हा बापाने तो प्रयोगशाळेत नेला. त्यातही मूलपेशी निघाल्या. ते संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पेशी दातात करतात काय? वरचे एनॅमल एकदा झिजले की गेलेच, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. त्याखालचे डेन्टिन मात्र आयुष्यभर बनू शकते. कीड खोल उतरू लागली की मज्जेतल्या मूलपेशींपासून डेन्टिन घडवणाऱ्या नव्या पेशी तयार होतात आणि आतून थर चढवत राहतात. आपल्याला ठणका लागण्याच्या कितीतरी आधी ही डागडुजी सुरू झालेली असते. कीड जिंकली, मज्जा मेली, की मग रूट कॅनाल.

मेलेली मज्जा पुन्हा जिवंत करता येईल का? चीनमधल्या शिआन इथल्या डॉक्टरांनी मुलांच्या अपघातात दुखावलेल्या पुढच्या दातांत त्याच मुलांच्या दुधाच्या दातातल्या मूलपेशी बसवल्या. २०१८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: दातात रक्तवाहिन्या आल्या, संवेदना परतली, मूळही वाढले. मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो माणसांवर झाला.

या पेशींचा उपयोग दातापलीकडेही आजमावला गेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाताच्या मूलपेशींपासून इन्सुलिन स्रवणारे पेशीपुंज बनवून मधुमेही उंदरांची साखर आटोक्यात आणली. पण ते उंदीर होते, हे विसरून चालणार नाही.

नेमके तेच विसरायला लावून पालकांना मूलपेशींसाठी मुलांचे दात साठवून ठेवण्याची योजना विकली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: व्यावसायिक साठवणुकीला परवानगी फक्त नाळेतल्या रक्ताला, दाताला नाही. तेव्हा कुणी मुलाचा दात साठवण्यासाठी पैसे मागितले, तर देऊ नका.